हाक मारताना हातात द्यायचं

"बेटा, तुम मराठी हो ना?"

माझ्या ऑफिसातल्या सरांच्या नंबरवरून फोन आला म्हणून मी घाईने उचलला होता, आणि पलीकडून सरांच्या बायकोचा आवाज आला. मी कंपनीच्या बसमध्ये होते, मानेसरच्या वाटेवर. सरांना पक्षाघात होऊन आठवडा व्हायचा होता. ऑफिसमधले काही जण हॉस्पिटलात जाऊन आले होते. सर शुद्धीवर आहेत, पण काय बोलतात ते कुणालाच कळत नाही, एवढं त्यांनी सांगितलं होतं.

"हां आंटी, मराठी हूं."

"तो एक बार आ जाओ. ये वकील मांग रहे हैं. सुबह से बस वकील, वकील. मुझे बहुत डर लग रहा है."

मी मॅनेजरना कळवलं आणि पुढच्या थांब्यावर उतरून उलटी रिक्षा पकडली. रिक्षात बसल्यावर मला खरंच वाटत होतं की सरांना मृत्युपत्र करायचं असणार.

सर मूळचे सातारा जिल्ह्यातले. वडील फौजेत. सहा-सात वर्षांचे होईपर्यंत ते आईबरोबर गावी राहिले, मग वडिलांच्या बदल्यांमागून एकेका छावणीत, आणि शेवटी दिल्ली कँटमध्ये. शाळा हिंदीत, नोकरी इंग्रजीत, आणि लग्न पानिपतच्या मुलीशी. तिच्या माहेरी हातमागाचा आणि कांबळ्यांचा धंदा. घरात दोघंच, आणि घरची भाषा हिंदी. मराठी ते फक्त माझ्याशी बोलायचे, तेही चहाच्या मशीनपाशी, दोन-चार वाक्यं. "काय गं, जेवलीस का?" असं म्हणायचे आणि उत्तराची वाट न बघता कप घेऊन जायचे.

माझ्याही मराठीचं फार सांगण्यासारखं नव्हतं. मी दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. आई-बाबा पुण्याचे, पण आमची मराठी घराच्या दारापर्यंतच चालायची. जिना उतरला की हिंदी. त्यामुळे माझी मराठी जेवण, आजारपण आणि रागावणं एवढ्यापुरती उरली होती. गंभीर काही बोलायची वेळ आली की मी आजही हिंदीत शिरते.

सर उशीला टेकून बसवलेले होते. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळलेली, उजवा हात मांडीवर निपचित. मला बघितल्यावर त्यांच्या डोळ्यांत ओळख आली आणि ते एकदम घाईने बोलू लागले. ओठ जुळत नव्हते. मी कान जवळ नेला.

"वाकळ," ते म्हणाले. "वाकळ... दे."

मला हा शब्द माहीत नव्हता. वकील नाही, हे कळत होतं. काय आहे ते कळत नव्हतं. मी बाहेर येऊन आईला फोन लावला. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडेच राहते.

"आई, वाकळ म्हणजे काय गं?"

"अगं, गोधडी. आपल्या खालच्या मजल्यावर साताऱ्याच्या बाई होत्या, त्या म्हणायच्या. जुन्या लुगड्यांची शिवतात ती. का गं? कोणाला हवीय?"

मी आत वळून बघितलं. सरांच्या बरोबर डोक्यावर एसीचं तोंड होतं आणि अंगावर हॉस्पिटलची पातळ चादर.

"आंटी, वकील नहीं. कंबल मांग रहे हैं. उन्हें ठंड लग रही है."

आंटी स्टुलावर बसल्या. "मेरे मायके में कंबलों का गोदाम है," त्या म्हणाल्या, आणि ओढणी तोंडाला लावून रडायला लागल्या. नर्सने कांबळं आणून घातलं. सर गप्प झाले आणि थोड्या वेळाने झोपले.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी आंटींबरोबर उभी राहून ऐकलं. मेंदूच्या ज्या भागाला इजा झाली तिथे भाषेचं काम चालतं. सगळ्याच भाषा एकदम जातात असं नाही, आणि ज्या गेल्या त्या सारख्या वेगाने परत येतात असंही नाही. सरांची पहिली भाषा आधी वर आली होती. हिंदी कानाला थोडीफार कळत होती, पण जिभेवर येत नव्हती. इंग्रजी तर नाहीच. पुढे काय होईल ते सांगता येत नाही.

"मतलब, मुझसे बात नहीं करेंगे?" आंटींनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, धीर धरा.

सर घरी आल्यावर मी दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागले. सर बोलायचे, मी आंटींना हिंदीत सांगायचे. पाठीला उशी हवी आहे. वरणात मीठ जास्त झालंय. डावी चप्पल चावते. नवराबायकोच्या मध्ये बसून असली वाक्यं इकडून तिकडे पोचवणं फार अवघड असतं. एकदा सर आंटींकडे बघून काहीतरी हळू म्हणाले. आंटींनी माझ्याकडे बघितलं. ते म्हणाले होते, "हिचे लई हाल झालं." मी ते हिंदीत सांगितलं, आणि आंटींनी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

ऑफिसात वेगळीच अडचण चालली होती. आमची कंपनी गाड्यांचे पत्रे दाबून आकार देणाऱ्या डाय बनवते. ड्रॉइंग ज्या सॉफ्टवेअरवर होतात त्याच्या आत लिस्प नावाची भाषा आहे, सगळी कंसांची. एखाद्या छोट्या कामाला नाव द्यायचं, त्याला फंक्शन म्हणतात. मग कंसात ते नाव लिहिलं की काम होतं. सरांनी वर्षानुवर्षं असे प्रोग्राम लिहून ठेवले होते. भोकांच्या जागा, पत्र्याची जाडी, स्प्रिंगांची मापं, सगळं त्यातून निघायचं. मीही लिस्प त्यांच्याकडूनच शिकले होते, अर्धीमुर्धी.

ह्या सगळ्याच्या आधी एक डाय चुकीची कापली गेली होती. डायवाल्यांच्या प्रोग्रामात जाडी सांगणारं एक फंक्शन होतं आणि वेल्डिंग करताना पत्रे धरून ठेवणारे सांगाडे, म्हणजे फिक्स्चर, बनवणाऱ्यांच्याही. नाव एकच. एक नुसत्या पत्र्याची जाडी सांगायचं, दुसरं एकावर एक ठेवलेल्या दोन पत्र्यांची. दोन्ही प्रोग्राम एकाच जागी लोड व्हायचे, आणि जो मागून यायचा त्याचं फंक्शन आधीच्यावर बसायचं. त्या दिवशी फिक्स्चरचा प्रोग्राम मागून लोड झाला होता.

तेव्हा सरांनी ठरवलं की प्रत्येक प्रोग्रामला त्याचं वेगळं नेमस्पेस द्यायचं. म्हणजे प्रत्येकाची नावं त्याच्यापुरती. दोघांकडे 'जाडी' असली तरी एकमेकांना दिसणार नाही, भांडण नाही. पण कधी कधी एका प्रोग्रामला दुसऱ्याचं फंक्शन खरंच लागतं. मग ज्याचं फंक्शन आहे त्याने ते बाहेर खुलं करायचं, आणि ज्याला हवं त्याने त्या प्रोग्रामचं नाव घेऊन ते मागून घ्यायचं. दोघांतल्या एकानेही कसूर केली तर स्क्रीनवर येतं की असं फंक्शनच नाही. हे काम अर्ध्यावर आलं असताना सर आजारी पडले.

आता डायचा प्रोग्राम नेमका तेच म्हणत होता. पत्र्याच्या धातूची माहिती देणारा प्रोग्राम वेगळा झाला होता. त्यातलं 'फट' नावाचं फंक्शन वरून दाबणारा पंच आणि खालची डाय यांच्यामध्ये किती फट ठेवायची ते सांगायचं. मी कोड उघडून बघितलं. मागून घेणारी ओळ सरांनी लिहिली होती, पण तिच्यापुढे अर्धविरामाची खूण टाकून ती बंद ठेवली होती. मी खूण काढली. चूक दाखवणं थांबलं, फट आली, सगळे खूश झाले. मग कुणीतरी ॲल्युमिनियमच्या भागाचं ड्रॉइंग काढलं आणि फट पोलादाचीच आली. मी पुन्हा पुन्हा बघितलं. धातू बरोबर निवडला होता, आणि उत्तर तरीही पोलादाचंच होतं. मी खूण परत टाकली आणि त्या ड्रॉइंगांची मापं हाताने काढायला सांगितली.

मॅनेजर म्हणाले, "आप तो जाती ही हैं उनके यहां. पूछ लीजिए न."

"वो बोल नहीं पाते, सर."

"आपसे तो बोलते हैं."

मला ते आवडलं नाही. ज्यांना पाणी मागायला शब्द जुळवावे लागतात त्यांच्यासमोर कोडचं काय काढायचं? मी पुढचे काही रविवार तो विषय काढलाच नाही. शेवटी सरांनीच विचारलं. थंडीतलं कोवळं ऊन होतं, आम्ही त्यांच्या बाल्कनीत बसलो होतो, आंटी संत्री सोलत होत्या.

"काम?" सर म्हणाले. "काम... कसं?"

मी आंटींकडे बघितलं. "ऑफिस का पूछ रहे हैं. एक चीज़ अटकी है. पूछूं?"

"पूछो, बेटा," त्या म्हणाल्या. "दिन भर दीवार देखते हैं. पूछो."

मी सांगायला सुरुवात केली. नेमस्पेस, फंक्शन, इम्पोर्ट, व्हेरिएबल. सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि त्यांनी डावा हात जोरात हलवला. त्यांनीच मला शिकवलेले शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते. मी थांबले. त्या ओळीचं मराठीत काय सांगायचं, हे मला कधी शोधावंच लागलं नव्हतं.

"सर, एक ओळ तुम्ही बंद ठेवली होती ना," मी म्हटलं. "मी ती उघडली."

"आं."

"आता इकडून हाक मारते. तिकडून उत्तर येतं. पण ॲल्युमिनियम असलं तरी उत्तर पोलादाचं."

त्यांनी डोळे मिटले. इतका वेळ मिटले की आंटी उठून त्यांच्या खांद्याला हात लावायला गेल्या. तेवढ्यात ते बोलले.

"हाक... पोचली."

"हो, पोचली."

"आत हाय त्याला... काय म्हाईत?"

"काय माहीत नाही, सर?"

"बाहीर." शब्द शोधताना त्यांचा जबडा थरथरत होता. "बाहीर तू... काय ठिवलं. त्याला न्हाई दिसत. आतलंच दिसतं. जुनं."

मला अजून नीट उमगलं नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने ताटलीतली संत्र्याची फोड उचलली, माझा हात ओढला, आणि ती माझ्या तळव्यावर दाबून ठेवली.

"हातात दे," ते म्हणाले. "हाक मारताना... हातात दे."

तेव्हा मला सगळं दिसलं. आधी सगळे प्रोग्राम एकाच जागी असताना निवडलेला धातू एका सामायिक नावात ठेवलेला असायचा, आणि 'फट' तो तिथून उचलायची. वेगळं झाल्यावर 'फट' फक्त आपल्या नेमस्पेसमध्ये बघत होती, आणि तिथे त्याच नावात सुरुवातीला लिहून ठेवलेलं पोलाद होतं. म्हणून ती चूकही दाखवत नव्हती. तिच्या दृष्टीने सगळं बरोबर होतं. तिला बाहेर शोधायला लावायचंच नाही. बोलावतानाच धातू बरोबर द्यायचा.

"म्हणजे धातू कोणता ते हाकेबरोबरच पाठवायचं? कंसात, नावापुढे?"

सरांनी मान हलवली, जोरजोरात. "म्हणून... कडी लावली." ती बंद ठेवलेली ओळ म्हणजे कडी. मग थोडा दम घेऊन म्हणाले, "आत कोण पडलं... तर बाहीर सांगाय पायजे. न्हाई तर कळत न्हाई."

हेही बरोबर होतं. वेगळ्या नेमस्पेसमध्ये काही चुकलं तर ते बाहेरच्याला आपोआप कळवलं जात नाही. कळवण्याची तजवीज करावी लागते. ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

"क्या कहा?" आंटी विचारत होत्या. "संतरा क्यों दिया?"

मी सांगायचा प्रयत्न केला. अर्धं सांगून झाल्यावर सर हसले. तोंड एका बाजूलाच वळत होतं, पण हसले. आंटींनी संत्री बाजूला ठेवली आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी 'फट' बदलली, तिला धातू कंसातून घ्यायला लावला, चूक झाली तर बाहेर कळवायची सोय केली, आणि मागून घेणारी ओळ उघडली. पोलादाला पोलादाची फट आली, ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियमची. मॅनेजर म्हणाले, "बढ़िया," आणि पुढच्या कामाला लागले.

रविवारी मी सरांना सांगितलं.

"चाललं?" त्यांनी विचारलं.

"चाललं, सर."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि मोठ्याने रडायला लागले. अशा आजारात रडू आवरत नाही, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण ते रडणं मला आजारातलं वाटलं नाही. आंटींनी त्यांचा चेहरा पुसला. मी आतून पाणी आणलं.

त्याच दिवशी निघताना आंटी जिन्यापर्यंत आल्या.

"तुम्हारी मम्मी मुझे सिखा देंगी?" त्या म्हणाल्या. "तुम हफ़्ते में एक दिन आती हो. बाकी दिन ये किससे बोलें?"

मी आईला विचारलं. आई आधी कचरली. ह्या वयात त्यांना कसं जमेल, म्हणाली. पण पुढच्या रविवारी ती माझ्याबरोबर आली आणि दोघी स्वयंपाकघरात बसल्या. सुरुवात लागणाऱ्या शब्दांनी झाली: दुखतंय का, भूक लागली का, लघवीला जायचंय का. मग मधल्या वारी आई एकटी मेट्रोने आणि पुढे शेअर ऑटोने जाऊ लागली. एकदा तिने मला विचारलं, "ते 'म्हाईत' म्हणतात आणि मी 'माहीत' शिकवते. हिने कोणतं शिकायचं?" मी आंटींना विचारलं.

"जो ये बोलते हैं, वही," आंटी म्हणाल्या. मग आईला आपल्या तोंडातलं पुणं बाजूला ठेवावं लागलं. ती खालच्या मजल्यावरच्या बाईंची बोली आठवून आठवून शिकवायची.

हिंदी फारशी परत आली नाही. 'अच्छा' आलं, 'चलो' आलं, काही आकडे आले. सरांनी नोकरी सोडली. घराचं भाडं आणि आजारपण दोन्ही झेपेना, तेव्हा आंटींचे भाऊ त्यांना पानिपतला घेऊन गेले. पावसाळ्यात मी एकदा तिथे गेले होते. मोठं घर, माणसांचा राबता, अंगणात सुताच्या गाठोड्यांचा ढीग. सगळीकडे हिंदी, हरियाणवीचा हेल असलेली. आणि मागच्या खोलीतून आंटींचा आवाज येत होता: "न्हाई. आदी औषध खावा. मग चा." आतून सर म्हणाले, "घ्या म्हणत्यात. खावा न्हाई." मी दाराबाहेरच थांबले. त्यांच्यामध्ये आता मी लागत नव्हते, आणि ते ऐकताना मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या हिवाळ्यात सरांना पुन्हा झटका आला, आणि ते गेले. आई आणि मी चौथ्याला, म्हणजे चौथ्या दिवशीच्या शोकसभेला, पानिपतला गेलो. बैठकीत पांढऱ्या चादरींवर बायका बसल्या होत्या. कुणी काही म्हणालं की आंटी नुसती मान हलवत होत्या. त्यांच्या वहिनी मला हळूच म्हणाल्या, जब से गए हैं, एक शब्द नहीं बोली.

आईला बघितल्यावर आंटी उठल्या. सगळ्यांच्या मधून वाट काढत आल्या, आईचे दोन्ही हात धरले आणि मराठीत बोलायला लागल्या. सकाळी ते उठला, चा मागितला. मी दिला. मग म्हणाला, ऊन आलंय, बाहीर बसू. मी शाल आणायला गेली. आली तर बोलत नव्हता. लिंगं चुकत होती, क्रियापदं चुकत होती. आईने एकही दुरुस्त केलं नाही. बायका माना वळवून बघत होत्या. वहिनी म्हणाल्या, "दीदी, हिंदी में बोलो, हम भी सुनें."

आंटींनी त्यांच्याकडे बघितलं आणि परत आईकडे वळल्या. "ते माझ्याशी ह्याच्यातच बोलला," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत. मग मी दुसऱ्यात कसा सांगू?"

आई त्यांना जवळ घेऊन खाली बसली. त्या बोलत राहिल्या, आम्ही ऐकत राहिलो.

आमच्या कंपनीत आता नवं सॉफ्टवेअर येतंय. सरांचे प्रोग्राम जुन्या कॉम्प्युटरांवर अजून चालतात, आणि चालतात तोवर मीच बघते.

आंटी अजून आईला फोन करतात. पुष्कळ वेळ चालतं त्यांचं, आणि मराठीतच चालतं. पानिपतमध्ये त्यांच्याशी ती भाषा बोलणारं दुसरं कुणी नाही. परवा आईने फोन ठेवला.

"काय म्हणत होत्या?" मी विचारलं.

"काही नाही. म्हणाली, 'करमत न्हाई.'" आई माझ्याकडे वळली. "हा शब्द मी नव्हता गं शिकवला तिला."

"सरांनी शिकवला असेल," मी म्हटलं.